सदनिकेत राहूनही घरच्या घरी मोटार चार्ज करता येईल? द्वारकेच्या निमित्ताने काही माहिती

राजधानी दिल्लीच्या नैऋत्येस वसलेले द्वारका हे दिल्ली विकास प्राधिकरणाने आखणी करून उभारलेले उपनगर आहे. पूर्वी हा परिसर पपनकलां या नावाने ओळखला जात असे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती हे या उपनगराचे वैशिष्ट्य होय. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो रेल्वे येथवर पोहोचली आणि केंद्र सरकारी कार्यालयांत काम करणाऱ्या अनेक कुटुंबांची येथे राहण्याची सोय झाली. आता या कुटुंबांपुढे एक नवा प्रश्न उभा आहे. विजेवर चालणारी मोटार घ्यावी असे अनेकांना वाटते, परंतु सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने तळमजल्यावरील गाडीला वीज पुरवायची कशी?

स्वतंत्र बंगल्याच्या मालकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. मीटर त्याचा, भिंत त्याची आणि गाडी उभी करण्याची जागाही त्याचीच असते. सदनिकाधारकाच्या बाबतीत मीटर तळमजल्यावरील सामाईक खोलीत असतो, वाहनतळाची जागा संस्थेने नेमून दिलेली असते आणि या दोहोंच्या मधली भिंत सर्वांच्या मालकीची असते. त्यामुळे चार्जर बसविणे हे केवळ वायरमनचे काम राहत नाही. कायदा, वीजदर, सुरक्षितता आणि शेजारधर्म या चारही गोष्टींचा त्यात संबंध येतो. या बाबी नीट समजून न घेता गॅलरीतून वायर खाली सोडण्याचा मार्ग काही जण पत्करतात. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारा आहे.

चार्जर म्हणजे नेमके काय?

भिंतीवर बसविल्या जाणाऱ्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, परंतु खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. बॅटरी मात्र डीसी वीजच साठवू शकते. एसीचे डीसीमध्ये रूपांतर करणारे यंत्र गाडीतच बसविलेले असते. भिंतीवरील पेटी सुरक्षिततेची खात्री करून वीज पुढे सोडते आणि गाडीने किती वीज घ्यावी याचा संकेत देते. म्हणूनच गाडीतील यंत्राची क्षमता ३.३ किलोवॉट असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॉटची पेटी लावूनही गाडी लवकर चार्ज होत नाही. अधिक पैसे खर्च करण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट ठरते.

घरगुती वापरासाठी सामान्यतः दोन पर्याय असतात. पहिला, १६ अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटवर चालणारी सुटी केबल. ती सुमारे ३.३ किलोवॉट वीज देते. दुसरा, ३२ अँपिअरचा भिंतीवरील चार्जर. तो एक-फेज जोडणीवर ७.२ ते ७.४ किलोवॉट वीज देतो. याहून मोठे ११ व २२ किलोवॉटचे चार्जर तीन-फेज जोडणीवर चालतात. रस्त्यालगतच्या केंद्रांवर दिसणारे जलद डीसी चार्जर घरासाठी नसतात. त्यांच्यात रूपांतरण बाहेरच होते व वीज थेट बॅटरीत जाते.

आपल्याला किती क्षमता हवी, हे साध्या हिशेबाने ठरविता येते. शहरात मध्यम आकाराची विद्युत मोटार भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे साधारण सात किलोमीटर चालते असे धरू. द्वारकेहून मध्य दिल्लीतील कार्यालयात जाऊन-येऊन रोजचा प्रवास ४५ किलोमीटर होत असेल, तर दररोज सुमारे साडेसहा युनिट वीज लागेल. ३.३ किलोवॉटच्या केबलवर हे काम दोन तासांत होते. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे पुरेसे आहे. बॅटरी ३० युनिटांची असून ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरायची असेल, तर वाटेतील घट धरून सुमारे २० युनिट लागतात. त्यासाठी ३.३ किलोवॉटवर सहा तास आणि ७.२ किलोवॉटवर तीन तासांहून थोडा कमी वेळ लागतो. दररोज दीर्घ प्रवास करणाऱ्यांनाच मोठ्या चार्जरची खरी गरज असते.

ही कल्पना आपल्या देशाला अगदी नवी नाही. बंगळूरू येथे तयार झालेली रेवा ही छोटी मोटार २००१ साली बाजारात आली, तेव्हा तीही घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटवरच चार्ज होत असे. मात्र त्या काळी अशा गाड्या विरळा होत्या. आता एकाच इमारतीत पाच-दहा गाड्या उभ्या राहू लागल्या, की इमारतीच्या वीजव्यवस्थेवर त्याचा परिणाम होतो.

कायदा काय सांगतो?

विद्युत वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे आणि त्यासाठी विद्युत अधिनियम, २००३ अन्वये परवान्याची आवश्यकता नाही, असे स्पष्टीकरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंत्रालयाने चार्जिंग सुविधांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. घरी व कार्यालयात खासगी चार्जिंग करण्यास त्यांत मुभा देण्यात आली. त्यानंतर ही तत्त्वे वेळोवेळी सुधारण्यात आली असून सप्टेंबर २०२४ मध्ये ती नव्याने जारी झाली. घरी असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करावी किंवा त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी, असे दोन्ही पर्याय वाहनमालकाला आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२० च्या नियमांतही सुधारणा करण्यात आली. विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार त्यामुळे ग्राहकांना स्पष्ट शब्दांत मिळाला. नवी जोडणी देण्याची कमाल मुदतही कमी झाली. महानगरांत ती सात दिवसांवरून तीन दिवसांवर, अन्य नगरपालिका क्षेत्रांत १५ दिवसांवरून सात दिवसांवर आणि ग्रामीण भागात ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणण्यात आली. हे नियम देशभर लागू असल्याने पुणे, नागपूर वा कोल्हापूरच्या ग्राहकालाही त्यांचा आधार घेता येतो.

दिल्ली सरकारने ७ ऑगस्ट २०२० रोजी विद्युत वाहन धोरण अधिसूचित केले. पहिल्या ३० हजार खासगी चार्जिंग बिंदूंसाठी प्रत्येकी सहा हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद त्यात होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये वीज वितरण कंपन्यांच्या माध्यमातून 'एक खिडकी' सुविधा सुरू झाली. चार्जरची निवड, जोडणीचा अर्ज आणि प्रत्यक्ष उभारणी ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावीत, हा तिचा उद्देश होता. सर्वांत साधा चार्जर अनुदान वजा जाता सुमारे अडीच हजार रुपयांत मिळू शकेल, असे त्या वेळी सरकारने सांगितले होते. अनुदानाच्या योजना मुदतीच्या असतात. त्यामुळे खरेदीपूर्वी वितरण कंपनीकडे चौकशी करणे श्रेयस्कर ठरेल. द्वारकेत हे काम बीएसईएस राजधानी पॉवर लिमिटेड या कंपनीकडे आहे.

महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२१ च्या धोरणातही खासगी चार्जर बसविणाऱ्या निवासी मालमत्ताधारकांना मालमत्ता करात सवलत देण्यासाठी नागरी स्थानिक संस्थांना प्रोत्साहन देण्यात आले होते.

एक मीटर की दोन?

दिल्ली विद्युत नियामक आयोगाच्या ३० सप्टेंबर २०२१ च्या आदेशानुसार विद्युत वाहनांसाठी घेतलेल्या कमी दाबाच्या स्वतंत्र जोडणीचा दर प्रतियुनिट साडेचार रुपये ठरविण्यात आला. या जोडणीवर स्थिर आकार नाही. घरच्याच मीटरवर गाडी चार्ज केली, तर मात्र घरगुती दर लागू होतो. त्याच आदेशातील घरगुती दर पहिल्या २०० युनिटांना तीन रुपये, २०१ ते ४०० युनिटांना साडेचार रुपये, ४०१ ते ८०० युनिटांना साडेसहा रुपये आणि त्यापुढे सात व आठ रुपये असे चढत जातात. अधिभार व वीजकर वेगळे असतात. नवा दर-आदेश आल्यास हे आकडे बदलतील, परंतु हिशेबाची पद्धत हीच राहील.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचा उन्हाळ्यातील मासिक वापर ३५० युनिटांचा आहे. गाडीसाठी महिन्याला १६० युनिट लागतात. घरच्याच मीटरवर चार्जिंग केल्यास एकूण वापर ५१० युनिटांवर जातो. वाढीव १६० युनिटांपैकी ५० युनिट साडेचार रुपयांच्या आणि ११० युनिट साडेसहा रुपयांच्या टप्प्यात पडतात. म्हणजे गाडीचा खर्च ९४० रुपये होतो. स्वतंत्र मीटरवर हाच खर्च ७२० रुपये येतो.

खरा फरक याहून मोठा असू शकतो. दिल्लीत दरमहा २०० युनिटांपर्यंत शून्य बिल आणि २०१ ते ४०० युनिटांच्या वापरावर कमाल ८०० रुपयांपर्यंत निम्मी सवलत, अशी राज्य सरकारची योजना आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती मागणी करणाऱ्या ग्राहकांनाच देण्यात येऊ लागली. वरील कुटुंबाचा वापर गाडीमुळे ४०० युनिटांपलीकडे गेला, तर घराच्या विजेवर मिळणारी सवलतही त्या महिन्यापुरती हातची जाते. ज्या घराचा वापर १८० युनिटांचा आहे, त्यालाही शून्य बिलास मुकावे लागते. सवलत गमावण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाला गाडीसाठी वेगळा मीटर अधिक लाभदायक ठरू शकतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

मंजूर भाराचाही विचार करावा लागतो. समजा, घराचा मंजूर भार पाच किलोवॉट आहे. दीड टनी वातानुकूलन यंत्र साधारण दीड किलोवॉटहून थोडी अधिक वीज घेते. अशी दोन यंत्रे आणि ३.३ किलोवॉटची गाडी एकाच वेळी चालू राहिली, की मागणी साडेसहा किलोवॉटवर जाते. कमाल मागणी अशी सतत वाढलेली दिसल्यास वितरण कंपनी मंजूर भार वाढवू शकते. २०२१ च्या आदेशानुसार दोन ते पाच किलोवॉट भाराला प्रतिकिलोवॉट ५० रुपये, तर पाच ते १५ किलोवॉट भाराला प्रतिकिलोवॉट १०० रुपये मासिक स्थिर आकार आहे. पाच किलोवॉटवरून नऊ किलोवॉटवर गेल्यास हा आकार २५० रुपयांवरून ९०० रुपये होतो आणि गाडी चालविली नाही तरी तो भरावाच लागतो.

संस्थेची संमती

द्वारकेतील बहुतेक अडचणी येथेच सुरू होतात. केबल सामाईक जागेतून जाणार असल्याने संस्थेला विश्वासात घेणे अपरिहार्य आहे. व्यवस्थापन समितीच्या शंका बहुधा तीन असतात. आग लागली तर काय? इमारतीचा भार वाढला तर काय? आणि सामाईक वीज कोणी वापरली, याचा हिशेब कसा ठेवायचा?

या शंका रास्त आहेत आणि त्यांना कागदावर उत्तर देता येते. अर्जासोबत चार्जरची क्षमता, केबलचा मार्ग दाखविणारा साधा नकाशा, संरक्षक उपकरणांचा तपशील आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराचे नाव द्यावे. खर्च आपण करू, काम झाल्यावर चाचणी अहवाल सादर करू आणि सदनिका सोडताना जोडणी काढून घेऊ किंवा पुढील मालकाच्या नावे करू, असे लिहून द्यावे. स्वतंत्र मीटर असेल, तर सामाईक विजेचा प्रश्नच उरत नाही.

काही संस्थांनी संपूर्ण संकुलासाठी एकच जोडणी घेतलेली असते आणि रहिवाशांची बिले संस्थाच काढते. अशा ठिकाणी संस्थेनेच वितरण कंपनीकडे वाहनांसाठी वेगळी जोडणी मागणे सोयीचे होते.

भाराविषयीची भीती कधी कधी अतिशयोक्त असते. शंभर सदनिकांच्या संस्थेत २० विद्युत मोटारी आहेत असे मानू. सर्वांनी ७.२ किलोवॉटचे चार्जर एकाच वेळी सुरू केले, तर १४४ किलोवॉटची मागणी निर्माण होईल. हा आकडा ऐकून कोणतीही समिती नकार देईल. प्रत्यक्षात या २० गाड्यांना रोज लागणारी वीज मिळून १३० युनिट असते. ती रात्रीच्या आठ तासांत विभागली, तर सरासरी मागणी १६ किलोवॉटच्या आसपास राहते. म्हणजे प्रश्न विजेच्या तुटवड्याचा नसून वेळेच्या वाटपाचा आहे. उपलब्ध भार आपसांत वाटून घेणारे चार्जर बाजारात मिळतात. पहिल्या गाडीच्या वेळीच संस्थेने सामाईक केबल-मार्ग व वितरण पेटी यांचे नियोजन केले, तर प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे भिंती फोडाव्या लागणार नाहीत.

नव्या इमारतींपुरता हा विचार नियमांतही आला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने आदर्श इमारत उपविधींत बदल सुचवून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय ठेवण्यास सांगितले. द्वारकेतील बहुसंख्य संस्था मात्र त्यापूर्वीच्या आहेत. तेथे सामंजस्य हाच प्रमुख मार्ग राहतो. संस्था विनाकारण अडवणूक करीत असल्यास सहकारी संस्था निबंधकांकडे दाद मागता येते. वितरण कंपनीबाबत तक्रार असल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, अशी व्यवस्था विद्युत अधिनियमात आहे.

सुरक्षितता

गीझर दोन किलोवॉटचा असतो आणि तो पंधरा-वीस मिनिटे चालतो. गाडी ३.३ किलोवॉट वीज सलग सहा तास घेते. सॉकेटमधून त्या वेळी १४ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहत असतो. सैल पिन, जुने सॉकेट किंवा बारीक वायर गीझरला कदाचित निभावून नेईल, परंतु गाडीसाठी तीच वायर तापून वितळू शकते. आगीचे कारण बहुधा या साध्या गोष्टींतच असते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा विनियमांत चार्जिंगविषयीचे प्रकरण समाविष्ट केले. २०२३ च्या नव्या विनियमांतही या विषयाला स्थान आहे. त्यांतील काही तरतुदी घरच्या चार्जरच्या दृष्टीनेही मोलाच्या आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे. गाडी उभी केल्यावर तिचा जोडबिंदू चार्जिंग बिंदूपासून पाच मीटरच्या आत यावा. जादा जोडवायर वा एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. विजेची गळती ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त होताच पुरवठा तोडणारे उपकरण असावे. या उपकरणाला बाजारात आरसीसीबी म्हणतात. एमसीबी वायरचे रक्षण करतो, तर आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. त्यामुळे एक असल्यास दुसरे नको, असे समजणे चुकीचे आहे.

चार्जरसाठी वितरण पेटीतून स्वतंत्र वायर आणावी व तीवर अन्य काहीही जोडू नये. ३२ अँपिअरच्या चार्जरला सामान्यतः ४० अँपिअरचा एमसीबी लावतात. तांब्याच्या केबलची जाडी अंतरावर अवलंबून असते. मीटरच्या खोलीपासून गाडी ६० मीटर दूर असेल आणि केबल सहा चौरस मिलिमीटरची असेल, तर ३२ अँपिअर प्रवाहाला विजेचा दाब सुमारे १२ व्होल्टने घटतो. जवळजवळ ३८० वॉट वीज केबल तापविण्यात वाया जाते. दहा चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही घट सात व्होल्टपर्यंत येते. केबलवर थोडा अधिक खर्च करणे अशा वेळी फायद्याचेच असते.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. गाडी रबरी टायरांवर उभी असते. गळतीची वीज जमिनीत जाण्यास वाट मिळाली नाही, तर ती गाडीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकते. म्हणूनच भिंतीवरील चार्जर वीज सोडण्यापूर्वी अर्थची जोडणी तपासतो व ती नसल्यास सुरूच होत नाही. अशा वेळी न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडून चार्जरला चकविण्याची युक्ती काही कारागीर सुचवितात. ती कदापि मान्य करू नये. चार्जर अर्थिंगचा दोष दाखवीत असेल, तर दोष चार्जरचा नसून इमारतीचा आहे आणि तो सर्वच रहिवाशांच्या दृष्टीने गंभीर आहे.

पावसाळ्यात तळघरात पाणी साचत असल्यास चार्जर व केबल त्या पातळीच्या बऱ्याच वर असाव्यात. उघड्यावर बसविण्याचा चार्जर पाणी व धूळ यांपासून संरक्षित असल्याची खात्री करून घ्यावी.

चार्जिंग कधी करावे?

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८ हजार ६५६ मेगावॉटवर पोहोचली होती. कडक उन्हाळ्यात दुपारी आणि रात्री वातानुकूलन यंत्रांमुळे मागणी शिखरावर असते. नियामक आयोगाच्या २०२१ च्या आदेशातही मे ते सप्टेंबर या काळात दुपारी दोन ते पाच आणि रात्री दहा ते एक हे शिखरकाळ मानले आहेत, तर पहाटे चार ते सकाळी दहा या वेळेत वेळनिहाय दर घेणाऱ्यांना सवलत ठेवली आहे. बहुतेक गाड्यांत व चार्जरांत वेळ ठरविण्याची सोय असते. कार्यालयातून परतल्यावर केबल जोडून ठेवावी व चार्जिंग रात्री एकनंतर सुरू होईल असे करावे. साडेसहा युनिटांची गरज पहाटेच्या दोन तासांत भागते. इमारतीचा ट्रान्सफॉर्मर आणि शेजाऱ्यांची झोप या दोहोंच्या दृष्टीने हे हिताचे आहे.

आठवड्यातून एकदा प्लग व सॉकेटला हात लावून ते अवाजवी गरम होत नाहीत ना, हे पाहावे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. बॅटरी किती टक्क्यांपर्यंत भरावी याबाबत उत्पादकाची सूचना पाळावी, कारण बॅटरीच्या रासायनिक प्रकारानुसार ती वेगवेगळी असते.

ज्या वसाहतींत वाहनांसाठी नेमून दिलेली जागाच नाही आणि गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, तेथे घरच्या चार्जरचा हट्ट धरू नये. पदपथावरून नेलेली केबल मुलांच्या व वृद्धांच्या पायात येते आणि ती नियमबाह्यही आहे. अशा ठिकाणी रहिवाशांनी एकत्र येऊन सामाईक चार्जिंग बिंदूची मागणी करणे योग्य ठरेल.

गाडी नोंदविण्यापूर्वीच हे सर्व केलेले बरे. आधी वाहनतळाची जागा व अंतर पाहावे, मग भार व दर यांचा हिशेब करावा, त्यानंतर संस्थेकडे लेखी अर्ज द्यावा आणि शेवटी वितरण कंपनीकडे जोडणी मागावी. हा क्रम पाळल्यास गाडी दारात उभी राहील त्या दिवशी तिच्यासाठी विजेची सोयही तयार असेल आणि सातव्या मजल्यावरून वायर खाली सोडण्याची वेळ कोणावरही येणार नाही.